विश्लेषण : स्कँडिनेव्हियात शिक्षण ‘मोफत’, हे आता कितपत खरे? गगनबावड्याहून स्टॉकहोमला जाण्याचा हिशेब

जानेवारीच्या मध्यावर गगनबावडा तालुक्यात ऊसतोड ऐन भरात असते. असळजच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. नेमक्या त्याच आठवड्यात स्वीडनमधील विद्यापीठांत प्रवेशअर्ज करण्याची मुदत संपते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणाला वाटले नसते. आता मात्र कोल्हापूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलवर ‘नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमध्ये शिक्षण मोफत’ असे सांगणारे व्हिडीओ आणि संदेश सारखे फिरत असतात.

समजा, तिसंगीसारख्या गावातील एका मुलीने कोल्हापुरात बीएस्सी पूर्ण केली आहे. घरी दीड-दोन एकर ऊस आणि भात, वडील शेती करतात, राहते घर वाडीत आहे. तिला स्टॉकहोममध्ये पर्यावरणशास्त्रात मास्टर्स करायचे आहे. ‘शिक्षण मोफत आहे, फक्त राहण्या-खाण्याचा खर्च,’ असे तिने घरी सांगितले आहे. घरच्यांनी ते खरे मानून कर्ज काढले, तर पुढे काय होईल? या काल्पनिक पण रोजच्या उदाहरणावरून हा सगळा हिशेब समजून घेऊ.

‘मोफत शिक्षणा’ची चर्चा कुठून आली?

ही चर्चा खोटी नव्हती, ती जुनी झाली आहे. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या तिन्ही देशांत सरकारी विद्यापीठांचा खर्च करातून चालतो. एकेकाळी बाहेरच्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांकडूनही तेथे शिक्षणशुल्क घेतले जात नसे. पुढे एकेक दार बंद होत गेले. डेन्मार्कने २००६ मध्ये युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लावले. स्वीडनने २०११ च्या शरद सत्रापासून तेच केले. शेजारच्या फिनलंडने २०१७ मध्ये इंग्रजी अभ्यासक्रमांसाठी हाच मार्ग धरला. नॉर्वे सर्वांत शेवटपर्यंत थांबले. ओस्लो विद्यापीठासह तेथील सरकारी विद्यापीठांनी २०२३ च्या शरद सत्रापासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि स्वित्झर्लंड वगळता इतर देशांतील नव्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली.

म्हणजे स्टॉकहोम, ओस्लो आणि कोपनहेगन या तिन्ही राजधान्यांत भारतीय विद्यार्थ्याला पदवी किंवा मास्टर्स अभ्यासक्रमासाठी आता शुल्क भरावे लागते. ‘मोफत’ हा शब्द आजही लागू पडतो तो स्थानिक आणि युरोपीय विद्यार्थ्यांना. जुने व्हिडीओ मात्र इंटरनेटवर तसेच आहेत आणि ते पाहणाऱ्याला त्यावरची तारीख दिसतेच असे नाही.

मग स्टॉकहोममध्ये मास्टर्सला किती खर्च येतो?

स्टॉकहोममध्ये प्रामुख्याने चार नावे ऐकू येतात. स्टॉकहोम विद्यापीठ, केटीएच ही तांत्रिक शिक्षणाची संस्था, वैद्यकीय शिक्षण आणि संशोधनासाठीची कॅरोलिन्स्का संस्था आणि स्टॉकहोम स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. केटीएच १८२७ सालची, तर कॅरोलिन्स्का १८१० सालची. वैद्यकशास्त्राचे नोबेल कुणाला द्यायचे, हे कॅरोलिन्स्कातील प्राध्यापकांचे मंडळ ठरवते.

स्टॉकहोम विद्यापीठाचे शुल्क गेली काही वर्षे सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्यांसाठी वर्षाला ९० हजार स्वीडिश क्रोना, तर विज्ञान शाखांसाठी १ लाख ४० हजार क्रोना यांच्या आसपास आहे. केटीएचच्या बहुतेक दोन वर्षांच्या मास्टर्सचे एकूण शुल्क ३ लाख क्रोनांच्या वर जाते. राहण्या-खाण्यासाठी किती पैसे लागतात, हे स्वीडनचे स्थलांतर खातेच ठरवून देते. २०२५ साठी ही रक्कम महिना १०,५८४ क्रोना होती आणि ती दरवर्षी थोडी वाढते.

एक क्रोना साधारण ९ रुपये धरून तिसंगीच्या मुलीचा हिशेब असा होतो :

• दोन वर्षांचे शिक्षणशुल्क, विज्ञान शाखा : २,८०,००० क्रोना, म्हणजे सुमारे २५ लाख रुपये
• २४ महिन्यांचा राहण्याचा खर्च : २,५४,०१६ क्रोना, म्हणजे सुमारे २३ लाख रुपये
• एकूण : सुमारे ४८ लाख रुपये

यात विमानभाडे, निवास परवान्याचे शुल्क, गरम कपडे, इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च धरलेला नाही. सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक्रम असेल, तर हाच आकडा ३९ लाखांच्या आसपास येतो. क्रोनाचा दर एक रुपयाने वर गेला, तरी एकूण खर्चात पाच लाखांची भर पडते. त्यामुळे ‘फक्त राहण्या-खाण्याचा खर्च’ या वाक्यात निम्म्याहून अधिक रक्कम हरवलेली असते.

बँकेत पैसे ‘दाखवायचे’ म्हणजे नेमके काय?

येथे अनेक कुटुंबांची गफलत होते. प्रवेश मिळाला म्हणजे जाता येते असे नाही. स्वीडनमध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ शिकण्यासाठी निवास परवाना लागतो. त्यासाठी दोन गोष्टी आधी कराव्या लागतात. एक, शुल्काचा पहिला हप्ता विद्यापीठाकडे भरणे. दोन, राहण्याच्या खर्चाची रक्कम आपल्या खात्यात असल्याचे दाखवणे.

हे खाते विद्यार्थ्याला स्वतःला वापरता येईल असे असावे लागते. वडिलांच्या किंवा मामांच्या खात्यात पैसे आहेत आणि ते देतो म्हणतात, एवढ्यावर भागत नाही. तेथे गेल्यावर पार्टटाइम काम करून कमावू, हे उत्तरही पहिल्या अर्जात चालत नाही. कमाई होईल तेव्हा होईल, पैसे आधी हवेत.

तिसंगीच्या मुलीला पहिल्या सत्राचे ७० हजार क्रोना शुल्क भरायचे आहे आणि एका वर्षाचे १ लाख २७ हजार क्रोना खात्यात दाखवायचे आहेत. दोन्ही मिळून सुमारे पावणेअठरा लाख रुपये. ही रक्कम विमानात बसण्याआधी हाताशी लागते. ऊसबिलाचे पैसे आले की भरू, असे सांगायला येथे जागा नाही, कारण सगळ्या तारखा तिकडच्या आहेत.

नॉर्वेतही वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते आणि ती दीड लाख नॉर्वेजियन क्रोनांच्या वर आहे. तेथे विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. पण हे काम मिळण्याची हमी कुणी देत नाही.

शेतजमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज मिळते का?

गगनबावड्यासारख्या तालुक्यात हा सर्वांत कळीचा प्रश्न आहे. भारतीय बँकांच्या प्रचलित आदर्श योजनेनुसार साधारण साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला मालमत्तेचे तारण लागत नाही. त्यापुढच्या रकमेला लागते. परदेशी शिक्षणाचा खर्च ४० लाखांच्या घरात असल्याने तारणाचा प्रश्न टळत नाही.

गावाकडच्या कुटुंबाची खरी मालमत्ता म्हणजे शेतजमीन. पण शैक्षणिक कर्जासाठी अनेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. त्यामागे कायद्याचे कारण आहे. थकीत कर्जाची मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना ज्या ‘सरफेसी’ कायद्याने दिला, त्यातच शेतजमीन वगळलेली आहे. जी मालमत्ता सहज विकता येत नाही, ती घेण्यास बँक नाखूश असते.

मग उरते राहते घर. वाड्या-वस्त्यांवरील अनेक घरांकडे कागद म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो. हा उतारा करआकारणीसाठी असतो. तो मालकीचा पुरावा मानला जात नाही. बँक मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मागते. केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी करून अशी पत्रके देण्याचे काम सुरू झाले. आपल्या गावठाणाची मोजणी झाली आहे का, पत्रक तयार आहे का, त्यावर नाव कुणाचे आहे, आजोबांच्या नावावरून वारसनोंद पुढे झाली आहे का, हे प्रश्न प्रवेशअर्ज करण्याआधी विचारण्याचे आहेत. प्रवेश मिळाल्यावर वारसनोंदीच्या मागे लागले, तर ती तारीख हातातून जाते. घर गावठाणाबाहेर शेतात असेल, तर अडचण आणखी वाढते.

काही बँका निवडक परदेशी विद्यापीठांसाठी मोठे विनातारण कर्जही देतात. खासगी वित्तसंस्थाही देतात, मात्र त्यांचा व्याजदर सहसा जास्त असतो. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना भारतातील निवडक संस्थांसाठी आहे. ती परदेशी शिक्षणाला लागू नाही. नाव सारखे असल्याने ‘विद्यालक्ष्मी’ हे कर्ज-अर्जांचे जुने संकेतस्थळ आणि ही योजना यांत गल्लत होते.

कर्ज मिळालेच, तर हप्ताही आधी मांडून पाहावा. ४० लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि १५ वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४३ हजार रुपये होतो. शिकत असताना चढलेले व्याज यात धरलेले नाही. मुलगी परत येऊन कोल्हापुरात नोकरी करणार असेल, तर हा हप्ता तिच्या पगारातून जाईल का, याचे उत्तर कुटुंबाकडे हवे.

सरकारी शिष्यवृत्ती कोणाला आणि किती?

परदेशी शिक्षण आणि कोल्हापूर यांचे नाते जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा मदत करणाऱ्यांत राजर्षी शाहू महाराज होते. आज महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांना याच दोघांची नावे आहेत.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सामाजिक न्याय विभागाची आहे. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून दरवर्षी ७५ जणांना मिळते. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. तिच्याही जागा ७५ आहेत. ‘सारथी’चे उपकेंद्र कोल्हापुरात आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक आणि खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी त्या त्या विभागांच्या स्वतंत्र योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. तिच्या १२५ जागांपैकी बहुतांश अनुसूचित जातींसाठी असून कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे.

या योजनांत शिक्षणशुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे असे मोठे खर्च सामावले जातात. म्हणजे आपल्या हिशेबातील ४८ लाखांचा डोंगर जवळजवळ सगळाच उतरतो. पण जागा सगळ्या राज्यासाठी आहेत आणि अटी वरचेवर बदलतात. गुणांची टक्केवारी, उत्पन्नमर्यादा, अभ्यासक्रमांची यादी यांवरून गेल्या काही वर्षांत वादही झाले. त्यामुळे मागील वर्षीच्या माहितीवर विसंबू नये, चालू वर्षाची जाहिरातच वाचावी.

एक अट मात्र विद्यापीठ निवडतानाच ध्यानात ठेवायला हवी. राज्याच्या योजनांत विद्यापीठ ‘क्यूएस’ या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. अलीकडे ही मर्यादा २०० आहे. केटीएच, स्टॉकहोम विद्यापीठ, कोपनहेगन विद्यापीठ आणि ओस्लो विद्यापीठ गेली काही वर्षे पहिल्या दोनशेत आहेत. कॅरोलिन्स्काचे प्रकरण वेगळे आहे. ती वैद्यकीय क्षेत्रातील जगातील अग्रगण्य संस्थांपैकी एक आहे. पण एकाच विद्याशाखेची संस्था असल्याने ‘क्यूएस’च्या सर्वसाधारण यादीत तिला क्रमांक नसतो. जगात नाव असलेली संस्था आणि शिष्यवृत्तीला पात्र संस्था या दोन गोष्टी एकच नसतात, त्या अशा.

दोन वेळापत्रके जुळतात का?

खरी अडचण येथे आहे. स्वीडनमधील मास्टर्ससाठी अर्ज ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात आणि जानेवारीच्या मध्यात बंद होतात. कागदपत्रे आणि अर्जशुल्क फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत द्यावे लागते. निकाल मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला लागतो. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत शुल्काचा पहिला हप्ता भरायचा असतो, कारण तो भरल्याशिवाय निवास परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. वर्ग ऑगस्टअखेर सुरू होतात.

इकडे राज्याच्या शिष्यवृत्तीची जाहिरात बहुतेक वर्षी उन्हाळ्यात येते. अर्ज, छाननी, निवड यादी यांत आणखी महिने जातात. म्हणजे पहिला हप्ता भरायची वेळ आधी येते आणि शिष्यवृत्ती मिळणार की नाही, हे नंतर कळते. या मधल्या काळात अनेक कुटुंबे उसनवारी करतात. शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर ते पैसे अडकतात.

यावर पूर्ण उपाय नाही, पण काही गोष्टी करता येतात. प्रवेश मिळताच विद्यापीठाच्या शुल्क विभागाला लेखी विचारावे की हप्त्याला मुदतवाढ मिळते का, आणि परवाना नाकारला गेल्यास भरलेले शुल्क परत मिळते का. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रे जाहिरात येण्याआधीच तयार ठेवावीत. तहसील कार्यालयातील एका दाखल्याने वर्ष वाया जाण्याची वेळ येऊ नये.

प्रवेशासाठी काय लागते? एजंट आवश्यक आहे का?

स्वीडनमध्ये प्रवेशाची पद्धत सोपी आहे. बहुतेक विद्यापीठांसाठी ‘युनिव्हर्सिटी ॲडमिशन्स’ हे एकच सरकारी संकेतस्थळ आहे. तेथे एका अर्जात चार मास्टर्स अभ्यासक्रम पसंतीक्रमाने निवडता येतात. अर्जशुल्क सर्व मिळून ९०० क्रोना, म्हणजे सुमारे आठ हजार रुपये. अर्ज विद्यार्थी स्वतः भरू शकतो. त्यामुळे ‘स्वीडनचा प्रवेश हमखास करून देतो’ म्हणून अर्जासाठीच लाखभर रुपये मागणारा माणूस नेमके काय विकतो आहे, हे विचारायलाच हवे. प्रवेशाची हमी त्याच्या हातात नसते, परवान्याची तर नसतेच.

इंग्रजीसाठी बहुतेक अभ्यासक्रमांना आयईएलटीएस परीक्षेत एकूण ६.५ आणि कोणत्याही विभागात ५.५ पेक्षा कमी नाही, अशी अट असते. तीन वर्षांची भारतीय पदवी अनेक अभ्यासक्रमांना चालते. मात्र पदवीत कोणते विषय किती शिकला, हे बारकाईने पाहिले जाते. रसायनशास्त्राच्या पदवीधराला पर्यावरणशास्त्रात प्रवेश हवा असेल, तर जीवशास्त्र किंवा गणिताचे ठरावीक क्रेडिट मागितले जाऊ शकतात. शिवाजी विद्यापीठाचे गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्र वेळेत हाती असणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्याही आहेत. स्टॉकहोम विद्यापीठ आणि केटीएच काही निवडक विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क माफ करतात. त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदतही हिवाळ्यातच संपते. यात राहण्याचा खर्च मिळत नाही, पण हिशेबातील अर्धा भार हलका होतो.

आजही कोणाला खरोखर मोफत शिकता येते?

होय, दोन मार्ग आहेत आणि त्यांची चर्चा सर्वांत कमी होते.

पहिला मार्ग युरोपीय संघाच्या ‘इरास्मस मुंडुस’ मास्टर्सचा. यात दोन-तीन देशांतील विद्यापीठे मिळून एक अभ्यासक्रम चालवतात. शिष्यवृत्ती मिळाल्यास शिक्षणशुल्क लागत नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. ही शिष्यवृत्ती जगभरातील विद्यार्थ्यांसाठी खुली आहे. अर्ज थेट त्या अभ्यासक्रमाकडे करायचा असतो आणि बहुतेक मुदती हिवाळ्यातच असतात. केटीएच अशा काही अभ्यासक्रमांत सहभागी आहे. निवड अवघड असते, पण येथे घर तारण ठेवावे लागत नाही.

दुसरा मार्ग पीएचडीचा. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये पीएचडी करणाऱ्याकडे बहुतांश ठिकाणी विद्यापीठाचा कर्मचारी म्हणून पाहिले जाते. त्याला शिक्षणशुल्क नाही, उलट दरमहा पगार मिळतो. स्टॉकहोममध्ये हा पगार कर कापण्याआधी महिना ३० हजार क्रोनांच्या वर असतो. सुट्या, आजारपणाची रजा आणि निवृत्तिवेतनाचा हक्कही त्यात येतो. जागा नोकरीच्या जाहिरातीसारख्या निघतात. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर त्या वर्षभर येत राहतात. त्यांना आपल्याकडच्या प्रवेशासारखा ठरावीक हंगाम नसतो.

यासाठी बहुतेक वेळा मास्टर्स पदवी लागते. ती स्वीडनचीच असावी, अशी अट नसते. म्हणजे तिसंगीच्या मुलीपुढे दोन रस्ते आहेत. एक, आत्ता ४८ लाख खर्चून स्टॉकहोममध्ये मास्टर्स करणे. दोन, शिवाजी विद्यापीठात किंवा देशातील एखाद्या चांगल्या संस्थेत एमएस्सी करणे, त्यात प्रबंधाचे काम मन लावून करणे आणि मग पीएचडीच्या जागांसाठी अर्ज करणे. दुसरा रस्ता दोन वर्षे उशिराचा आहे. स्पर्धाही मोठी आहे, एका जागेसाठी अनेक देशांतून अर्ज येतात. पण निवड झाली नाही, तर हातात एमएस्सी राहते आणि डोक्यावर कर्ज राहत नाही.

संशोधनात रस नाही, लवकर नोकरीच हवी, असा विद्यार्थी असेल, तर हा मार्ग त्याच्यासाठी नाही. त्याला मास्टर्सचाच हिशेब नीट मांडावा लागेल.

तेथे गेल्यावर काय वेगळे असते?

अभ्यासाची पद्धत वेगळी असते. एका वेळी एक-दोन विषय शिकवले जातात, ते संपले की परीक्षा आणि मग पुढचे विषय. वर्षाला ६० क्रेडिट पूर्ण करायचे असतात. प्राध्यापकांना ‘सर’ म्हणायची पद्धत नाही, सरळ पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्याकडच्या मुलांना हे सुरुवातीला जड जाते. घोकून उत्तर लिहिण्यापेक्षा प्रश्न विचारणे आणि गटात काम करणे यांना अधिक महत्त्व असते. निवास परवान्याला मुदतवाढ मिळवण्यासाठी अभ्यासातील प्रगतीही पाहिली जाते. म्हणजे पार्टटाइम कामात वेळ गेला आणि विषय राहिले, तर परवानाच धोक्यात येऊ शकतो.

घर मिळणे ही स्टॉकहोममधील सर्वांत मोठी डोकेदुखी. विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी तेथे रांगेत घालवलेले दिवस मोजले जातात. ज्याचे दिवस जास्त, त्याला खोली आधी. शुल्क भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठाकडून घर मिळण्यात प्राधान्य असू शकते. म्हणून प्रवेश मिळताच त्यासाठी अर्ज करावा. खोली न पाहता, ऑनलाइन छायाचित्रांवर विसंबून आगाऊ भाडे पाठवल्याने फसलेले विद्यार्थी प्रत्येक शहरात आढळतात.

हवामानाचीही कल्पना हवी. गगनबावड्याच्या माणसाला पावसाचे कौतुक सांगायला नको. जुलैच्या एका महिन्यात येथे जेवढा पाऊस कोसळतो, तेवढा स्टॉकहोमला अख्ख्या वर्षात पडत नाही. तेथे त्रास होतो तो अंधाराचा. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये याच्या उलट, रात्रीही पुरता काळोख होत नाही. पहिला हिवाळा एकट्याने काढणे अनेकांना अवघड जाते. घरी बोलताना मुलगा ‘बरं आहे’ एवढेच म्हणत असेल, तर पुढचा प्रश्न विचारलेला बरा.

भाषेचाही विचार करावा. वर्गात इंग्रजी चालते, दुकानातही चालते. पण हॉटेल, वृद्धाश्रम, शाळा अशा ठिकाणी काम हवे असेल, तर स्वीडिश लागते. पदवीनंतर काम शोधण्यासाठी स्वीडनने २०२० च्या बदलानंतर १२ महिन्यांपर्यंतचा परवाना देण्यास सुरुवात केली. हे वर्ष लवकर सरते. स्वीडिश पहिल्या दिवसापासून शिकणाऱ्याला त्याचा जास्त उपयोग होतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

घरात बसून चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. निवडलेला अभ्यासक्रम भारतात चांगल्या दर्जाचा मिळत नाही का? निघण्याआधी लागणारे अठरा लाख कुठून येणार आणि ते कुणाच्या नावावर असतील? शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर थांबायची तयारी आहे का? आणि शिक्षण संपल्यावर तेथे नोकरी मिळाली नाही, तर कर्ज कसे फिटेल?

चारही उत्तरे ठोस असतील, तर जानेवारीची वाट न पाहता ऑक्टोबरमध्येच अर्ज सुरू करावा. उत्तरे अर्धवट असतील, तर एमएस्सी करून पीएचडीच्या रस्त्याने जाणे म्हणजे माघार घेणे नव्हे. स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत पगार घेऊन संशोधन करणारी गगनबावड्याची मुलगी कर्ज काढून गेलेल्या मुलीपेक्षा कमी ठरत नाही. ती दोन वर्षे उशिरा पोहोचलेली असते, एवढेच. आणि ती पोहोचते तेव्हा वाडीतल्या घराचा कागद घरातच, पेटीत असतो.